गल्लीतल्या इझाकायात जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी किंवा शिकायला जपानला येणाऱ्या मराठी मंडळींचे इझाकायाबद्दलचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. पुण्यात जपानीच्या दोन-तीन परीक्षा देऊन आलेल्यांनाही भाषा येते, पण गल्लीतल्या छोट्या दुकानाचा पडदा सारून आत शिरायचा धीर होत नाही. मग स्टेशनसमोरच्या मोठ्या साखळी दुकानातच वर्षं निघून जातात. त्यांच्यासाठी ही उत्तरं. ती मुख्यतः टोक्यो आणि आसपासच्या, दहा-पंधरा खुर्च्यांच्या, मालक स्वतः ओट्यामागे उभा असतो अशा दुकानांबद्दल आहेत.

इझाकाया म्हणजे बार की हॉटेल?

दोन्ही थोडं थोडं. लोक प्यायला येतात, पण जेवूनच जातात. ताट किंवा एकेकट्याची डिश असा प्रकार नसतो. लहान लहान बशा येतात, सगळे मिळून खातात, संपलं की पुढची मागवतात. मुळात ही साके, म्हणजे तांदळाची दारू, विकणारी दुकानं. एदो काळात (१६०३ ते १८६८) गिऱ्हाईक विकत घेतलेली साके दुकानातच उभ्याने प्यायला लागलं आणि दुकानदार सोबत काहीतरी खायला ठेवू लागले. टोक्योच्या ‘कान्दा’ (Kanda) नावाच्या भागातलं तोशिमाया हे १५९६ सालचं साकेचं दुकान मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) लावून भाजलेल्या तोफूसाठी नावाजलेलं होतं. तोशिमाया आजही साकेच्या धंद्यात आहे, आणि मिसो लावून भाजलेले पदार्थ आजही इझाकायाच्या मेन्यूवर असतात.

बाहेरून आतलं काहीच दिसत नाही. दुकान उघडं आहे हे कसं ओळखायचं?

दारावर कापडी पडदा, म्हणजे नोरेन, लावलेला असेल तर दुकान उघडं. पडदा आत घेतला असेल तर बंद, किंवा तयारी चालू आहे. लाल कंदील पेटलेला असणं हीसुद्धा खूण. सरकतं दार उघडा, आत पाऊल टाकून थांबा आणि बोटांनी माणसं किती ते दाखवा. स्वतः जाऊन बसू नका, जागा ते दाखवतील. जागा नसेल तर दोन्ही हातांची फुली करून दाखवतात. ती फुली परदेशी माणसासाठीच आहे असं लगेच मनाला लावून घेऊ नका. दहा खुर्च्यांचं दुकान शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता खरोखरच भरलेलं असतं. पाच-साडेपाचला, दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर जागाही मिळते आणि मालकाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवडही असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच वेळ धरावी.

न मागता एक छोटी वाटी समोर आली आणि बिलात तिचे पैसेही लागले. ही फसवणूक आहे का?

नाही. तिला ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी. बसण्याचे पैसे आणि पहिला घास, दोन्ही त्यातच. साधारण ३०० ते ५०० येन माणशी लागतात. बसल्याबरोबर ऑर्डर न देताही खायला काहीतरी हाताशी यावं म्हणून ही पद्धत.

यावरून नवीन लोक फार चिडतात, पण मला ही पद्धत आवडते. त्या वाटीवरून स्वयंपाकघराची पारख होते. साखळी दुकानात पाकिटातलं काहीतरी काढून ठेवतात. चांगल्या दुकानात त्या दिवशी सकाळी शिजवलेलं असतं: हिवाळ्यात मुळा, वसंतात बांबूचे कोंब, उन्हाळ्यात आंबट केलेली काकडी. ओतोशी चवीने खाल्ली की पुढे काय मागवावं याचा अंदाज येतो. ती नाकारण्याची सोय काही साखळी दुकानांत असते, छोट्या दुकानात नसते. खाण्यात पथ्य असेल तर बसतानाच सांगा, बहुतेक ठिकाणी दुसरं काहीतरी देतात. पैसे मात्र द्यायचेच.

ऑर्डर कशी द्यायची? सगळं एकदम सांगितलेलं बरं ना?

नाही, आणि आपली सर्वात मोठी गफलत इथेच होते. आपण टेबलाशी बसतो, मेन्यू वाचतो आणि सगळ्यांचं मिळून एकदाच सांगून मोकळे होतो. इझाकायात तसं केलं की सात बशा एकदम येतात, निम्म्या गार होतात आणि मालकाचीही धांदल उडते.

आधी पेय सांगा. ते येईपर्यंत लगेच मिळणारं एखादं: एदामामे (मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा), थंड तोफू किंवा लोणचं. मग शिजायला वेळ लागणारी एखादी गोष्ट. ती येईपर्यंत पहिलं संपत येतं. मग पुढची दोन. माणशी तीन-चार बशा होतात, त्याहून जास्त लागत नाही. हाक मारायला ‘सुमिमासेन’ पुरेसं आहे. जरा मोठ्याने म्हणा, ते उद्धट वाटत नाही. साखळी दुकानात टेबलावर बटण असतं किंवा टॅबलेटवरून मागवायचं.

जागा निवडायला मिळाली तर टेबल सोडून ओट्यासमोरच्या खुर्चीवर बसा. याकितोरीचं, म्हणजे काडीला ओवून भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांचं, दुकान असेल तर समोर कोळशाची लांबट भट्टी असते. मालक काड्या ओळीने मांडतो. वरून चिमटीने मीठ सोडतो, चरबी निखाऱ्यावर पडून धूर उठला की पंख्याने वारा घालतो आणि प्रत्येक काडी बोटांनी अर्धा वळसा फिरवतो. रसातली हवी म्हटलं असेल तर काडी काळ्या मडक्यात बुडवून पुन्हा आगीवर. कोंबडीची कातडी कुरकुरीत व्हायला बराच वेळ घेते, म्हणून ती मागवणारे आधीच सांगून ठेवतात. समोर बसून हे पाहिलं की मागवायचा वेग आपोआप ठरतो. हातातली काडी संपत आली की पुढची सांगायची. मीठ की रस असं विचारलं तर मीठ म्हणजे ‘शिओ’, रस म्हणजे ‘तारे’. ठरत नसेल तर ‘ओमाकासे’ म्हणून मालकावर सोडा. कुठल्या भागाला काय शोभतं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

काड्यांवरचे तुकडे काढून सगळ्यांच्या बशीत वाटावेत का, यावर जपानी माणसांतही दोन तट आहेत. काडी भाजणाऱ्याला ती अख्खी खाल्लेली आवडते. मीही अख्खीच खा म्हणेन.

मेन्यू हाताने लिहिलेला आहे, मोबाइलला वाचता येत नाही. मग?

भिंतीवरच्या कागदी पट्ट्या आणि फळ्यावरचा खडूचा मजकूर भाषांतराचं ॲप बऱ्याचदा चुकीचं वाचतं. पण आजचं ताजं असतं ते तिथेच. ‘क्यो नो ओसुसुमे वा?’ म्हणजे आज काय चांगलं आहे, एवढं विचारा. ऋतू माहीत असला तरी बरंच कळतं. वसंतात पहिला कात्सुओ मासा, उन्हाळ्यात एदामामे, शरदात साम्मा मासा आणि गिन्नान (गिंको झाडाच्या बिया), थंडीत ओदेन (रश्शात सावकाश शिजवलेला मुळा, अंडी वगैरे). साम्माची आवक पूर्वीपेक्षा बरीच घटली आहे. फळ्यावर दिसला आणि मासे खात असाल तर सोडू नका. मीठ लावून अख्खा भाजतात, शेजारी किसलेला मुळा. आपल्याकडच्या बांगड्याची आठवण येईल.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

उपाशी नाही राहणार, पण घरून ठरवून जावं लागेल. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या पापुद्र्यांचा आणि कोंबू या समुद्री शेवाळाचा काढा. मिसो सूपमध्ये, उकडलेल्या भाज्यांत, अंड्याच्या गुंडाळीत, आगेदाशी तोफूवर ओतलेल्या रसात, सगळीकडे तो असतो. दाशी चालेल की नाही हे आधी स्वतःशी ठरवा. श्रावण पाळणारा आणि जन्मभर शाकाहारी असलेला, दोघांचं उत्तर वेगळं असू शकतं.

‘बेजितारियन’ हा शब्द पुरेसा नाही. तो ऐकून मालक मांसाचे तुकडे बाजूला काढतो आणि मासा तसाच राहतो. सरळ सांगा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, मांसही खात नाही, मासाही नाही. दाशी नको असेल तर पुढे ‘दाशी मो दामे देस’ जोडा. त्याहून चांगलं म्हणजे कुणा जपानी सहकाऱ्याकडून हे कागदावर नीट लिहून घ्या आणि बसण्याआधी दाखवा. बसण्याआधी अशासाठी, की त्या दिवशी जमण्यासारखं काही नसेल तर मालकाला तसं सांगता येतं आणि दोघांचीही कुचंबणा होत नाही.

दाशी नको असणाऱ्यांनी यातून निवडावं. एदामामे. थंड तोफू, पण ‘कात्सुओबुशी नुकी’ म्हणजे वरचे माशाचे पापुद्रे वगळून. मोरोक्यू, म्हणजे मिसोसोबत कच्ची काकडी. भट्टीवर मीठ लावून भाजलेल्या शिशितो मिरच्या, शिइताके मश्रूम, शतावरीचे कोंब. शरदात भाजलेले गिन्नान. अख्खा तळलेला लसणाचा गड्डा, बटाट्याच्या काचऱ्या, भाजलेला जाड तोफू आलं आणि सोया सॉस घालून. शेवटी याकिओनिगिरी, म्हणजे सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजलेला भाताचा गोळा. बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ, हा घास सगळ्यात समाधान देतो. आत काही भरलंय का आणि दाशी घातलीय का, एवढं विचारून घ्या.

फसवणारे पदार्थही माहीत असावेत. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम असतं. हिरव्या सॅलडवर बेकन किंवा बारीक सुके मासे पेरलेले असतात. तिळाच्या तेलातल्या कोबीला बऱ्याच ठिकाणी कोंबडीच्या अर्काची पूड लावतात. किमचीत कोळंबी किंवा मासा असतो. वांग्यावरच्या गोड मिसोत दाशी आहे का, ते विचारावं लागतं. भट्टी आणि तळणीचं तेल एकच असतं, वेगळं मागून मिळणार नाही. ते चालत नसेल किंवा कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर इझाकायाचा हट्ट धरू नका. बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन जेवण देणारी ठिकाणं शोधा, तिथे मांस-मासा नसतोच आणि परंपरेने कांदा-लसूणही नसतो.

मासे आणि चिकन चालतं, पण बीफ-पोर्क नको.

मग काळजी नाही. ‘ग्यूनिकु’ म्हणजे गाईबैलाचं, ‘बुतानिकु’ म्हणजे डुकराचं मांस. ‘मोत्सु’ लिहिलेलं काहीही असलं तरी ती आतडी आणि आतले अवयव असतात, कशाचे ते विचारा. मत्स्याहारी कोकणी माणसाची तर इथे चंगळ आहे.

मी दारू घेत नाही. जाऊ का?

जरूर जा. मात्र माणशी एक पेय मागवायची रीत आहे, नुसतं पाणी पिऊन बसू नये. ऊलाँग चहा सगळीकडे मिळतो, बिअरच्या पेल्यासारख्याच पेल्यात येतो आणि कुणी लक्षही देत नाही. बिनअल्कोहोलची बिअरही आता बहुतेक दुकानांत असते. ज्यांना स्वयंपाकातलाही अंश नको, त्यांना एवढं माहीत असावं की मिरीन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि स्वयंपाकाची साके जपानी रसांत सर्रास पडते. मीठ लावून भाजलेलं मागवलं तरी एकदा विचारून घ्या.

पिण्याचं कायदेशीर वय २० आहे. २०२२ मध्ये सज्ञान होण्याचं वय १८ झालं, पण दारूचं तेच राहिलं. सायकलवरून स्टेशनला जाणाऱ्यांनी तर नीट ऐका. नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पिणार असाल तर सायकल घरीच ठेवा. व्हिसावर राहणाऱ्याला असल्या प्रकरणाची झळ जास्त लागते.

‘नोमिहोदाई’ घ्यावं का?

ठरलेल्या पैशांत ९० किंवा १२० मिनिटं हवं तेवढं पिणं, असा तो प्रकार. शेवटची ऑर्डर साधारण अर्धा तास आधी घेतात. ऑफिसच्या वीस जणांच्या पार्टीला ठीक, हिशेब सोपा होतो. दोघं-तिघं जेवायला जात असाल तर घेऊ नका. पैसे वसूल करण्याच्या नादात जेवणाकडे लक्ष राहत नाही.

साके मागवताना काय सांगायचं?

माप ‘गो’मध्ये असतं, एक गो म्हणजे १८० मिली. गरम हवी तर ‘आत्सुकान’, थंड हवी तर ‘रेइशु’. काही ठिकाणी लाकडी चौकोनी मापात पेला ठेवून तो ओसंडेपर्यंत भरतात. ते सांडणं मुद्दाम असतं, तुम्हाला जास्त दिल्याचा तो आनंद. पेला उचलण्याआधी वाकून ओठ लावून पहिला घोट घ्या. मग खालच्या लाकडी मापातली पेल्यात ओता.

ऑफिसच्या लोकांबरोबर जायचंय. काय सांभाळू?

सगळ्यांचे पेले येईपर्यंत पिऊ नका, ‘काम्पाई’ झाल्यावरच. बाटली असेल तर स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतत नाहीत, शेजारच्याला ओतायची, तो तुम्हाला ओततो. भातात चॉपस्टिक उभ्या रोवू नका आणि चॉपस्टिकने दिलेला घास चॉपस्टिकनेच घेऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत, बघणाऱ्याला खरंच वाईट वाटतं. बाकी चुका सगळे समजून घेतात.

भारतातून आई-बाबा आलेत, सोबत लहान मुलगीही आहे. नेता येईल का?

संध्याकाळी लवकर, ओळखीच्या वस्तीतल्या दुकानात नेता येईल. आधी दोन गोष्टी विचारा. पहिली, धूम्रपान. एप्रिल २०२० पासून खाणावळींत आत बसून सिगारेट ओढायला सर्वसाधारण बंदी आहे, पण काही जुन्या छोट्या दुकानांना सूट मिळालेली आहे. अशा ठिकाणी दारावर पाटी असते आणि २० वर्षांखालच्यांना आत घेता येत नाही. दुसरी, बैठक. तातामीवरची (गवती चटईवरची) बैठक असेल तर बूट काढून जमिनीवर बसायचं. आईचे गुडघे दुखत असतील तर ‘होरिगोतात्सु’ आहे का विचारा. त्यात टेबलाखाली खड्डा असतो, पाय खाली सोडून बसता येतं.

नेमकं सांगायचं तर आई-बाबांना पहिल्याच आठवड्यात नेऊ नये. निशिकासाईसारख्या भागात राहत असाल तर घराजवळ भारतीय जेवण मिळतंच. तिथे चार दिवस रुळू द्या, मग इकडे आणा.

बिल किती होतं आणि कसं द्यायचं?

गल्लीतल्या साध्या दुकानात दोन पेयं आणि तीन-चार बशांचे माणशी ३,००० ते ४,५०० येन धरून चला. जेवणावर १० टक्के उपभोग कर असतो. भिंतीवरच्या पट्ट्यांवरचे भाव करासकट आहेत का हे बघून घ्या. रात्री दहानंतर काही दुकानं जादा आकार लावतात. टिप द्यायची नाही. पैसे टेबलावर ठेवून निघालात तर मालक रस्त्यावर धावत येऊन परत देईल.

बिल मागायला ‘ओकाइकेई ओनेगाई शिमास’, किंवा दोन तर्जन्यांची फुली दाखवा. खिशात रोकड असू द्या, कार्ड न घेणारी छोटी दुकानं अजून बरीच आहेत. पैसे मालकाच्या हातात न देता समोरच्या तबकात ठेवा. वेगवेगळी बिलं मागू नका, एकाने भरावं आणि बाहेर आल्यावर वाटून घ्यावं.

एकट्या बाईने गेलं तर चालतं का?

हो. ओट्यासमोर एकट्या बसून जेवणाऱ्या बायका टोक्योत रोज दिसतात. पहिल्या वेळी आतून बायकांचा आवाज येणारं किंवा मालकीण ओट्यामागे असलेलं दुकान निवडा. शेजारचा फार बोलायला लागला आणि नको वाटलं तर मालकाकडे वळून पुढची ऑर्डर द्या. चांगला मालक इशारा ओळखतो.

सुरुवात कुठून करू? शिंजुकूची ओमोइदे योकोचो (योकोचो म्हणजे गल्ली) कशी आहे?

बघायला सुंदर आहे, एकदा जा. पण आता तिथे पर्यटकांची गर्दी फार असते. किचिजोजीच्या हार्मोनिका योकोचोत जरा मोकळं वाटतं, युराकुचोला रेल्वेच्या कमानींखाली ऑफिस सुटलेल्यांची गजबज असते. माझं मत विचाराल तर स्वतःच्या घराजवळच्या स्टेशनमागची गल्ली धरा. जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल असंच दुकान उपयोगाचं. काबुकिचोसारख्या रात्रीच्या करमणुकीच्या भागात रस्त्यावर उभं राहून ‘स्वस्त आहे, जागा आहे’ म्हणत नेणाऱ्यामागे मात्र कधीच जाऊ नका, ते कितीही गोड बोलले तरी. शेवटी अवाच्या सव्वा बिल हातात पडतं. चांगल्या दुकानाला रस्त्यावरून माणसं ओढून आणावी लागत नाहीत.

किती वेळ बसावं?

दीड-दोन तास. बाहेर कुणी थांबलं असेल आणि तुमचं खाणं झालं असेल तर उठा, त्या मालकाची रात्रीची कमाई दहाच खुर्च्यांवर असते.

आरक्षण केलं आणि जमलं नाही तर?

फोन करा, शेवटच्या तासाला का होईना. चार जणांचं आरक्षण म्हणजे छोट्या दुकानाची जवळपास एक तृतीयांश जागा. तुमच्यासाठी मासे आणलेले असतात, आलेल्या लोकांना परत पाठवलेलं असतं. न कळवता दांडी मारणाऱ्या चार-पाच जणांमुळे काही मालक परदेशी नावाने आरक्षण घ्यायला कचरतात, आणि त्याची किंमत पुढे येणाऱ्या आपल्याच लोकांना मोजावी लागते.

भिंतीवरच्या फळीवर नावं लिहिलेल्या बाटल्या कसल्या?

नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या. शोचूची (एक जपानी ऊर्ध्वपातित दारू) अख्खी बाटली विकत घ्यायची, त्यावर आपलं नाव लिहायचं आणि दुकानातच ठेवायची. पुढच्या वेळी फक्त बर्फ-पाण्याचे आणि खाण्याचे पैसे. बाटलीला बहुतेक ठिकाणी काही महिन्यांची मुदत असते, तेवढ्यात आला नाहीत तर ती काढून टाकतात. महिन्यातून दोनदा तरी जाणं होत असेल तरच घ्या. नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. मालकाला तुमची बाटली फळीवर लांबूनच सापडते.